उंबऱ्याखालची पेटी

उंबऱ्याखालून बोलतेय मी, एक लाकडी पेटी. मला बघायचं तर दारात येऊन खाली वाकावं लागतं. उभ्या माणसाला मी दिसत नाही. मला बनवलंच त्यासाठी.

पण आधीच सांगते, तुम्ही कितीही वाकलात तरी मला हात लावू शकणार नाही. मी मोबाईलमधल्या एका खेळातली पेटी आहे. या खेळात माणूस उघड्या अंगाने समुद्राच्या काठावर जागा होतो. मग लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, मासे भाजायचे, घर बांधायचं आणि जगून दाखवायचं. थंडी असते, लांडगे असतात, आणि त्यांच्याहून वाईट म्हणजे दुसरी माणसं असतात. तीही खेळणारीच, कुठल्या कुठल्या गावची. तुमचं लक्ष नसलं की घर फोडून सगळं नेतात.

अजून एक गोष्ट सांगून ठेवते. फोन बंद केला म्हणून खेळातला माणूस नाहीसा होत नाही. असेल तिथेच आडवा होतो आणि झोपून राहतो, फोनवाला परत येईपर्यंत. तेवढ्यात कुणी त्याला मारलं तर मारलं.

मला घडवलं महेश आणि संजीवनीने. चिखलोलीला एका खोलीत राहणारं जोडपं. मूळचे साताऱ्याकडचे. महेश आनंदनगरच्या एका कारखान्यात कामाला होता. संजीवनी सातवीपर्यंत शिकलेली, मांडीवर रिद्धी नावाची तान्ही पोर. घरात महेशची आई कौसाबाई आणि धाकटा भाऊ कैलास. या खेळात हे तिघं, म्हणजे महेश, संजीवनी आणि कैलास, एकाच घरात राहायचे. बाहेरही एकाच खोलीत, आतही.

त्यांचं पहिलं घर लुटलं गेलं. तिथे माझ्यासारखीच एक पेटी होती, खोलीच्या मधोमध, सगळं भरून ठेवलेली. दरोडेखोर आले, दार फोडलं, पेटी रिकामी केली आणि जाताना चूलसुद्धा मोडून गेले. महेशने कपाळाला हात लावला.

"लपवायचं कुठे पण?" तो म्हणाला. "भिंतीत ठेवलं तर भिंत फोडतात. माळ्यावर ठेवलं तर शिडी लावतात. जमिनीत पुरलं तर सगळी जमीन उकरतात साले."

संजीवनी रिद्धीला पायावर घेऊन थोपटत होती. "उंबऱ्याखाली ठेवा की," ती म्हणाली.

"येडी का तू? तिथून तर सगळे ये-जा करतात."

"म्हणूनच. चोराचा जीव सगळा आत असतो. दार फुटलं की तो आत पळतो. उंबऱ्याकडे कोण बघत बसतंय? माझ्या माहेरी घर बांधताना उंबऱ्याखाली तांब्याचं नाणं पुरतात. कुणी उकरलेलं ऐकलंय का कधी?"

कैलास दाराशी पडल्या पडल्या हसला. "वहिनी, तुम्ही चोर असता तर गावं लुटली असती."

तर तसं झालं. चौकटीखालची माती खणली, मला खाली उतरवलं, वर फळी, फळीवर माती आणि त्यावर जाड उंबरा. आतल्या बाजूला डाव्या कोपऱ्यात एक फळी सैल ठेवली. तिथे खाली वाकून टकटक केली की मी उघडते. उभ्याने कितीही बडवा, मी आपली गप्प.

खोलीच्या मधोमध एक दिखाऊ पेटीसुद्धा ठेवली. तिच्यात थोडं मांस, थोडं लाकूड आणि कैलासचा मासे पकडायचा गळ. त्या गळावर त्याने नाव घातलं होतं, 'कैल्याचा गळ, हात लावू नये.'

"चोराला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही," संजीवनी म्हणाली. "रिकामा राहिला तर तो चिडून शोधत बसतो."

पुढे दरोडा पडला तेव्हा अगदी तसंच झालं. दरोडेखोर माझ्या डोक्यावरून धडाधड आत गेले, दिखाऊ पेटीतलं मांस आणि लाकूड घेतलं, गळ तिथेच टाकला आणि खुशीत माझ्याच डोक्यावरून बाहेर पडले. त्या दिवशी चिखलोलीच्या खोलीत तिघं इतके हसले की कौसाबाईंनी विचारलं, "काय, लॉटरी लागली का काय?"

पण माझा खरा उपयोग वेगळाच झाला.

त्या खोलीत नवरा-बायकोला बोलायला जागा नव्हती. एका भिंतीला कौसाबाईंची खाट, समोर टीव्ही, मधे रिद्धीची झोळी, दाराशी कैलास. रुसायचं तर सासूसमोर आणि हसायचं तर दिरासमोर. एकदा दोघांचा अबोला झाला. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून महेश काहीतरी बोलला होता. दोघं दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून फोन घेऊन बसली.

"भरल्या घरात सगळे मुके," कौसाबाई म्हणाल्या. "त्या डबड्यात काय बघता गं एवढं?"

तेव्हा महेश इकडे वाकून माझ्यात एक रानफूल ठेवत होता. जरा वेळाने संजीवनी आली. तिने फूल घेतलं आणि त्याच्या जागी भाजलेला मासा ठेवला. मग तिकडे खोलीत ती उठली आणि त्याचं ताट वाढायला घेतलं. भांडण कधी मिटलं ते कौसाबाईंना कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी त्यांची बोलायची जागा झाले. न बोलता बोलायची. कामावर निघायच्या आधी महेश माझ्यात मशाल ठेवायचा. नवी पेटती मशाल असली की, 'येतोय, ताट वाढून ठेव.' जळकी, विझलेली मशाल असली की, 'आज डबल ड्युटी, येणार नाही, वाट बघू नको.' एकदा कारखान्यात त्याच्या हातावर ॲसिड उडालं. आईला कळू द्यायचं नव्हतं. त्याने माझ्यात जखमेवर बांधायची पट्टी ठेवली. संजीवनीने ती पाहिली आणि सासूबाईंचं लक्ष नसताना त्याची बाही वर केली. मला या माणसांची गंमत वाटायची. एका हाताच्या अंतरावर बसून एवढ्या लांबून बोलायची.

मग कारखान्याने माणसं कमी केली. त्यात महेश गेला.

तो कामासाठी बदलापूरपासून तळोज्यापर्यंत फिरला. कुठे काही जमेना. तेव्हा जयदेव घरी आला. कौसाबाईंच्या गावाकडचा, उल्हासनगरला त्याचं ऑफिस होतं, बाहेरच्या देशात माणसं पाठवायचं.

"कॉम्प्युटरवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आहे, काकी. एसीमध्ये. तिकीट कंपनी देते. महेशला हिंदी येतं, थोडं इंग्लिश येतं, बस झालं."

"पण कुठल्या गावात? कंपनीचं नाव काय?" संजीवनीने विचारलं.

"वहिनी, ॲसिडमध्ये हात घालण्यापेक्षा बरं ना?" जयदेव हसून म्हणाला. नाव काही त्याने सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी महेशने माझ्यात पेटती मशाल ठेवली. येतोय म्हणून. मग घरातच आडवा झाला. पुढे कैलासचा खेळातला रस गेला, तोही आतल्या खोलीत झोपून राहिला. आणि संजीवनीच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती. रिद्धी पाऊल टाकायला लागली होती, तिचे व्हिडिओ बापाला दाखवायचे होते. म्हणून संजीवनीने खेळच काढून टाकला.

बाहेरचं जे काही मी सांगते, आधीचं काय नि पुढचं काय, ते मी पाहिलेलं नाही. नंतर संजीवनी रोज माझ्यापुढे बसून सगळं सांगायची, त्यातून मला कळलं. फोनवर बोट आणि तोंडाने बोलणं चालू. तिला दुसरं कुणी ऐकणारं राहिलं नव्हतं.

पण महेश आला ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

घराची देखभाल नसली की या खेळात घर झिजतं. मागची भिंत पडली होती. तिथून लांडगे आत आले आणि झोपलेल्या संजीवनीला घेऊन गेले. महेश आणि कैलास आतल्या खोलीत होते म्हणून वाचले. अशा घरात एक दिवस महेश एकदम उठून बसला. इकडे तिकडे बघितलं. पूर्वी तो आला की आधी चूल पेटवायचा, घराभोवती एक फेरी मारायचा. या वेळी सरळ दारात आला, वाकला, मी उघडले. त्याने माझ्यात जळकी मशाल ठेवली आणि तिथल्या तिथे झोपला. मला वाटलं, असेल डबल ड्युटी.

मग तो पुन्हा आला. पुन्हा जळकी मशाल. नंतर पट्टी. नंतर अजून पट्ट्या. पट्ट्यांनी माझा एक कोपरा भरला. प्रत्येक वेळी घाईत यायचा, एक वस्तू टाकायचा आणि कुणीतरी फोन हिसकावल्यासारखा जागेवर आडवा व्हायचा. इथे बोलायची सोय आहे, लिहायची आहे. त्याने एक अक्षर लिहिलं नाही. मला कळेना हा का लिहीत नाही. आणि ती का येत नाही.

तिकडे घरी त्याचा फोन यायचा आठवड्याला एकदा. स्पीकरवर. आणि हिंदीत.

"अहो, हिंदीत काय बोलता माझ्याशी?" पहिल्यांदा संजीवनी हसली.

"इधर सब हिंदी में ही बोलते हैं. आदत हो गई. मैं ठीक हूँ. खाना अच्छा है." आवाज वाचून दाखवल्यासारखा. रिद्धीचं नाव नाही. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "सुन, उंबरे के नीचे दिया लगा. रोज लगा."

लाईन खरखरत होती. संजीवनीने ऐकलं, उंबर के नीचे. उंबर म्हणजे झाड. दत्ताचं झाड. आणि दिवा तर उंबराखालीच लावतात. तिला वाटलं, परमुलखात माणसाला देव आठवला असेल.

रस्त्याकडेला उंबराचा पार आहे, तिथे दत्ताची छोटी मूर्ती आहे. संजीवनी रोज रिद्धीला काखेत घेऊन तिथे जाऊन दिवा लावायला लागली. फुलं विकणारी मोतीबाई तिथे बसते. कौसाबाईंनाही बरं वाटलं. "स्वतःच्या लग्नात महेश म्हणत होता, भटजी आवरा लवकर, आणि आता बघा," त्या म्हणाल्या.

पुढच्या फोनला महेशने विचारलं, "दिया लगाया क्या? क्या मिला?"

"मनाला जरा समाधान मिलता है," संजीवनी म्हणाली.

फोनवर त्याच्या मागे कुणीतरी खाकरलं. मग महेश म्हणाला, "नीचे देख के लगा. झुक के. झुक के देखा क्या?"

त्याचं ते 'झुक के' तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने दिवा लावला आणि उंबराच्या मुळांमध्ये वाकून बघितलं. काडीने माती उकरली. दगड उलटे केले.

"काय गं, गुप्तधन शोधते काय?" मोतीबाई म्हणाली. "मला पण सांग, अर्धं अर्धं करू."

संजीवनी उठली. पदराने हात पुसले. तिला रडू येत होतं आणि कशासाठी ते कळत नव्हतं. "मावशी, यांनी सांगितलंय खाली बघ म्हणून."

"बापये लांब गेले की असंच काहीबाही सांगतात," मोतीबाईने तिच्या हातावर जास्तीचं फूल ठेवलं. "घे. पोरीच्या केसात घाल."

पुढच्या फोनमध्ये महेश म्हणाला, "कैलास को भेज दे. अच्छा काम है. जयदेव से बात हो गई है."

कौसाबाईंच्या आनंदाला सीमा राहिली नाही. दोन्ही मुलं परदेशात. कैलासने नवे बूट आणले. जयदेव येऊन कागदांवर सह्या घेऊन गेला. आणि त्याच सुमारास, मी सांगते, महेश इथे आला. या वेळी तो आधी दिखाऊ पेटीकडे गेला. कैलासचा गळ काढला, दगडावर आपटून मोडला आणि माझ्यात ठेवला. वर एक जळकी मशाल. मग वाकलेला होता तसाच राहिला. उठला नाही, झोपला नाही, वाकूनच राहिला. मला वाटलं माझ्याशी बोलतोय. मग नेहमीसारखा आडवा झाला. या वेळी आत, चुलीजवळ.

कैलास निघायचा तो दिवस उजाडला. संध्याकाळी जयदेवची गाडी येणार होती. कौसाबाई लाडू वळत होत्या. बॅग भरून दाराशी ठेवली होती. रिद्धी बॅगेवर चढायला बघत होती, तिथून उतरून दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली.

"उंबऱ्यावर उभं राहू नये गं बाय," कौसाबाई ओरडल्या. "संजीवनी, उतरव तिला उंबऱ्यावरून."

संजीवनी उठली. रिद्धीला उचलायला वाकली. आणि वाकलेलीच राहिली.

उंबरा. झाड नव्हे, उंबरा. उंबऱ्याच्या खाली. वाकून. दिवा म्हणजे मशाल.

तो देवाचं बोलत नव्हता. त्याच्या मागे बसून ऐकणाऱ्याला ते देवाचं वाटावं म्हणून बोलत होता. आणि त्याच्या बायकोलाही ते देवाचंच वाटलं होतं.

तिने फोन घेतला. खेळ परत टाकायला गेली तर जागा नाही. तिने जुनी गाणी काढली, जागा नाही. पाककृती काढल्या, नाही. मग रिद्धीचे व्हिडिओ उघडले. बारशाचा. पहिलं पाऊल टाकल्याचा, बापाला पाठवायचा राहिलेला. तिने सासूकडे पाठ केली आणि एकेक करून ते पुसून टाकले.

समुद्राच्या काठावर ती जागी झाली, उघड्या अंगाने, माझ्यापासून खूप लांब. हात चालेनात, सवय मोडली होती. पहिल्यांदा लांडग्याने मारलं. पुन्हा काठावर. पुन्हा पळाली, नदीत उतरली, थंडीने मेली. तिकडे खोलीत रिद्धी तिच्या केसांना लोंबकळत होती आणि कौसाबाई म्हणत होत्या, "दीर चाललाय परदेशात आणि ही बघा, खेळत बसलीय."

तिसऱ्या वेळी ती डोंगराच्या कडेकडेने आली. मी तिला लांबून ओळखलं. पडक्या भिंतीतून येता आलं असतं, पण ती दारातूनच आली. वाकली. टकटक केली.

मी उघडले आणि जे होतं ते सगळं तिच्यापुढे ठेवलं. जळक्या मशाली. पट्ट्या, इतक्या पट्ट्या. आणि मोडलेला 'कैल्याचा गळ, हात लावू नये.'

तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. येऊ शकत नाही. मारतात. कैलासला पाठवू नका.

संध्याकाळ झाली होती. जयदेव येऊन खुर्चीत बसला होता, हातात लाडू. कैलास बुटाची नाडी बांधत होता.

"भाऊजी, जाऊ नका," संजीवनी म्हणाली. "यांना तिथे कोंडून ठेवलंय. मारतात त्यांना. त्यांनी सांगितलंय तुम्हाला पाठवू नका म्हणून."

"कधी सांगितलं?" कौसाबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "परवा तर माझ्यासमोर बोलला की भेजो म्हणून."

"गेममध्ये सांगितलंय. आपल्या पेटीत."

मग जयदेव मोकळं हसला. "वहिनी, आज गेमची पेटी बोलली, उद्या कॅरम बोर्ड बोलेल. काकी, यांना एकटं राहून त्रास होतोय. डॉक्टरला दाखवा."

"तुझा नवरा तिकडे कमावतो ते दिराला मिळू नये, असं वाटतंय का तुला?" कौसाबाईंनी विचारलं. हळू आवाजात विचारलं म्हणून जास्त लागलं.

संजीवनी कैलाससमोर जाऊन बसली आणि त्याच्या बुटाच्या नाडीवर हात ठेवला. "भाऊजी, तुमचा फोन काढा. एकदा आत या. एवढंच करा, मग जा."

"काय वहिनी, गाडी उभी आहे."

"एकदाच."

कैलासने फोन काढला. आतल्या खोलीत झोपलेला कैलास इकडे उठून उभा राहिला. दारापर्यंत आला. संजीवनी बाजूला झाली, तो वाकला, मी उघडले.

"हा माझा गळ," तो म्हणाला. "हा त्या दुसऱ्या पेटीत होता ना?"

"कुणीतरी पोराने हलवला असेल," जयदेव म्हणाला. "चल लवकर."

"या पेटीचं आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नाही," कैलास म्हणाला. पण त्याच्या आवाजात अजून जोर नव्हता. गळच तो. खेळातला गळ. त्यासाठी माणूस परदेश सोडत नाही. तो उठायला लागला. बोट फोनवर तसंच होतं, त्यामुळे इकडचा कैलासही दाराबाहेर पाऊल टाकायला निघाला.

तेवढ्यात महेशच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला, म्हणजे तो खेळात आला.

चुलीजवळचा महेश उठला. त्याने दोघांना पाहिलं. पळत आला आणि कैलासच्या पुढे येऊन उंबऱ्यावर उभा राहिला, माझ्या बरोबर डोक्यावर. दार अडवून.

कैलास डावीकडे सरकला. महेश डावीकडे सरकला. कैलास उजवीकडे, महेश उजवीकडे.

"दादा?" कैलास लिहायला लागला.

संजीवनीने त्याचा अंगठा धरला. "लिहू नका. मागे कुणीतरी बघत असेल त्यांच्या."

कैलासने पुन्हा पुढे जायचा प्रयत्न केला. या वेळी जायचं म्हणून नाही, बघायचं म्हणून. महेश हलला नाही. दोन भाऊ नाकाला नाक लावून उभे.

"आई," कैलास म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "गावाला मी विहिरीवर पोहायला पळायचो तेव्हा दादा असाच उभा राहायचा. दारात. मारायचा नाही, बोलायचा नाही. नुसता उभा."

कौसाबाई उठून आल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या डबड्यात वाकून बघितलं. एवढासा माणूस, अंगावर फाटकं कातडं, दार अडवून उभा. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हा महेश?"

"हो आई."

"वाळलाय," त्या म्हणाल्या. खेळातली माणसं वाळत नाहीत, सगळी सारखीच असतात. पण कुणी त्यांना तसं सांगितलं नाही.

आणि तेव्हाच महेश कोसळला. हात हलवता हलवता थांबला आणि उंबऱ्यावर आडवा झाला, माझ्यावर. हिरवा ठिपका गेला.

कैलासने बसल्या बसल्या नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले आणि दाराबाहेर नेऊन ठेवले. "जयदेवभाऊ, मी येत नाही," तो म्हणाला. "माझा दादा कुठे आहे तेवढं सांग."

जयदेवने हातातला अर्धा लाडू ताटलीत ठेवला. म्हणाला, गाडीतून एक फोन करून येतो. तो गाडी घेऊनच गेला. त्याचा नंबर तेव्हापासून लागत नाही. उल्हासनगरच्या ऑफिसला कुलूप आहे, आणि बाजूचा दुकानदार म्हणतो, भाई, वो तो भाडे पे था.

कैलास वाचला. पण ज्याने वाचवलं तो तिथेच आहे.

संजीवनी आणि कैलास तक्रार द्यायला गेले. "पुरावा काय?" साहेबांनी विचारलं. संजीवनीने फोन पुढे केला. साहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "यात मारायला काय काय मिळतं?" मागच्या बाकावरचे दोघं हसले. शेवटी तक्रार लिहून घेतली, खेळाचा त्यात उल्लेख नाही. वरून चौकशी होईल म्हणाले. आठवड्याचा फोन आता येत नाही. संजीवनी लावते तर रेकॉर्ड केलेली बाई बोलते, कुठल्यातरी भाषेत.

कौसाबाई उंबराखाली दिवा लावायला जातात. महेशने सांगितलं ते हे झाड नव्हे हे त्यांना कळलं आहे, तरी जातात. घरी आल्या की संजीवनीच्या शेजारी बसतात आणि विचारतात, "उठला का गं?"

तो उठलेला नाही. उंबऱ्यावर आडवा आहे, माझ्यावर. झोपलेल्या माणसाला या खेळात उचलता येत नाही, आत नेता येत नाही. म्हणून संजीवनीने मागची भिंत उभी केली, त्याच्या भोवती काट्यांचं कुंपण घातलं, दोन्ही बाजूंना जाळ केला. रिद्धी झोपली की येते, जागी असली तर तिला मांडीवर घेऊन येते. लांडगे हाकलते. मग वाकते. पूर्वी माझ्यासाठी वाकायची. आता आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग मला उघडते.

"तुमच्या पट्ट्या मी काढून ठेवल्यात," परवा ती त्याला म्हणत होती. "तुम्ही आलात की मला खरंच लावता येतील." रिद्धीने काचेवर थाप मारली आणि म्हणाली, "बाबा, उत." ठ तिला अजून येत नाही.

आता वर आकाशात एक पाटी दिसते. हंगाम संपत आला, सगळी घरं, सगळं सामान पुसलं जाईल, नवं जग सुरू होईल. दर हंगामाला असंच असतं. खेळणाऱ्यांना त्यात मजा वाटते. मी जाईन, उंबरा जाईल, आणि त्यावर झोपलेला महेशही जाईल. नव्या जगात तो समुद्राच्या काठावर उघड्या अंगाने जागा होईल, म्हणजे कुणी जागं होऊ दिलं तर. घर कुठे आहे हे त्याला कसं कळणार, या विचाराने संजीवनीला घास जात नाही. ती म्हणते, काठावर पहिलं जे झाड दिसेल तिथेच घर बांधीन. भिंती नंतर. आधी उंबरा.

मी पेटी. मला पुसलं जायची भीती नाही, माझं लाकूडसुद्धा खरं नाही. पण पाटीवरचे दिवस सरायच्या आत तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळत असेल आणि फिरत फिरत इकडे आला असेल, तर एक मागते. दारात एक माणूस आडवा दिसेल. त्याला मारू नका. त्याच्याकडे घेण्यासारखं काही नाही. खोलीच्या मधोमध पेटी आहे, तिच्यात मांस आहे, लाकूड आहे, सगळं घ्या. मागची भिंत फोडून आत या हवं तर. पण उंबऱ्यावर पाय देऊ नका.

आणि तुमच्या घरचं कुणी लांब असेल, आणि फोनवर तुमच्याशी परक्या भाषेत 'सब ठीक है' म्हणत असेल, तर त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा ऐका.

माझ्यात आता एकच वस्तू आहे. मशाल. पेटती. ती जळून काळी व्हायला आली की संजीवनी येते, वाकते आणि नवी ठेवते.